तक्रार, तपासणी आणि तुरुंग : मराठी कारावासकथनांतील रुग्ण कैदी

छत्रपती संभाजीनगराच्या उत्तरेस, जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह आहे. आणि पाणचक्कीच्या परिसरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गावातील माणसे या रुग्णालयास ‘घाटी’ या एकाच शब्दाने ओळखतात. दोहोंमधील अंतर वाहनाने अर्ध्या तासाचेही नाही. तथापि कारागृहातील आजारी माणसास ते काटावयाचे असेल, तर त्याचे दुखणे प्रथम बरॅकीतील वॉर्डरास खरे वाटावे लागते. नंतर शिपायास, नंतर तुरुंगाच्या डॉक्टरास, नंतर अधीक्षकास. आणि हे सर्व झाल्यावर पोलीस मुख्यालयाकडे पहाऱ्यापुरती माणसे मोकळी असावी लागतात. ती एखाद्या सणाच्या वा सभेच्या बंदोबस्तावर गेली असतील, तर रुग्णालयाने दिलेली तारीख चुकते. भिंतीबाहेरचा रुग्ण आपले दुखणे एकदाच, आणि तेही डॉक्टरास, सांगतो. कैद्यास ते अनेकदा सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचेच काम वैद्यकाचे असते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने या गोष्टीची दखल का घ्यावी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवेल. त्याचे उत्तर असे की, तुरुंगातील आजार, औषधोपचार आणि डॉक्टर यांविषयीची सर्वांत जुनी अशासकीय साक्ष मराठीत उपलब्ध आहे ती कारावासकथनांतच होय. आगरकरांपासून सावरकरांपर्यंत आणि पुढेही जे जे तुरुंगात गेले व बाहेर येऊन लिहिते झाले, त्यांनी अन्नाविषयी, जागेविषयी आणि शरीराविषयी काही ना काही नोंदले. परंतु या ग्रंथांचे वाचन आपल्याकडे बहुतांशी त्याग, धैर्य आणि देशभक्ती या अंगांनीच झाले. त्यामुळे दुखणे हे नायकाच्या सहनशक्तीचे माप ठरले. त्या दुखण्यावर उपचार कोणी केले, कोणी नाकारले आणि का नाकारले, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आलाच नाही. ही कथने त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पुन्हा वाचली असता एक गोष्ट स्पष्टपणे नजरेस येते. वैद्यकाचा आरंभ रुग्णाच्या शब्दापासून होतो. ‘काय होते आहे?’ हा डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो. तुरुंगात मात्र कैद्याचा शब्द मुळातच संशयास्पद मानलेला असतो. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, दाटी ही सारी संकटे खरी आहेत. पण ती या मूळ संशयाच्या पोटात वाढतात.

गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक या परंपरेच्या आरंभी आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि ऑक्टोबरात ते सुटले. हे लेखन एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, तल्लख आणि थट्टेखोर माणसाचे आहे. त्यामुळे त्यात गाऱ्हाणे असले तरी रडगाणे नाही. कोठडीची लांबीरुंदी, पुढ्यात आलेले अन्न, रात्रीचे डास व ढेकूण, शरीराची होत गेलेली झीज हे सारे सांगताना लेखकाची दृष्टी तपासनिसाची आहे. आगरकरांना दम्याचा विकार होता आणि पुढे १८९५ साली वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला, हे ध्यानी ठेवून ते पुस्तक वाचले म्हणजे त्यातील विनोदाखालचा ताण जाणवतो. तथापि येथे एक भेद केला पाहिजे. टिळक-आगरकर हे शिकलेले, नामांकित आणि बाहेर मित्रांचा मोठा गोतावळा असलेले कैदी होते. त्यांच्या शब्दाला तुरुंगातही काही वजन होते. त्याच तुरुंगातील चोरीच्या कैद्याने तीच तक्रार केली असती, तर ती कोठवर गेली असती, हे पुस्तक सांगत नाही. आणि ते त्याने सांगावे अशी अपेक्षा त्या काळात कोणी केलीही नसती.

‘वजन’ हा शब्द वर आला तो सहज आला खरा. परंतु तुरुंगाच्या इतिहासात त्याला फार महत्त्व आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने मजुरीवर असलेल्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा नोंदविण्याचा दंडक घातला. विशिष्ट मजुरीने कैद्याची प्रकृती ढासळते असे वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत झाल्यास त्याला ते काम देऊ नये, असेही त्यात होते. ही तरतूद वरवर पाहता दयेची आहे, आणि काही प्रमाणात ती खरोखरच तशी होती, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यामागील तर्क बारकाईने पाहावा. कैदी काय म्हणतो ते विचारण्याची गरज नाही. काटा काय म्हणतो ते पाहा, असा तो तर्क आहे. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नसल्याने त्याच्या शरीराची साक्ष काढण्याची ही व्यवस्था होय. पोटशूळ, डोकेदुखी, निद्रानाश, मनाची उदासी ही दुखणी काट्यावर चढत नाहीत; म्हणून ती तुरुंगाच्या दृष्टीने बराच काळ दुखणीच नव्हती.

त्याच कायद्यातील डॉक्टरच्या स्थानाचा विचार अधिक उद्बोधक आहे. प्रत्येक तुरुंगास अधीक्षक असावा, वैद्यकीय अधिकारी असावा, असे सांगतानाच वैद्यकीय अधिकारी हाच अधीक्षक असू शकेल, अशी मुभा कायद्याने दिली होती. जेथे दोन माणसे होती, तेथे वैद्यकीय अधिकाऱ्याने तुरुंगाच्या आरोग्यव्यवस्थेचे काम अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली पाहावयाचे होते. याहून महत्त्वाचे कलम शिक्षेसंबंधीचे. शिक्षेचे निकृष्ट अन्न किंवा फटके यांची शिक्षा अमलात आणण्यापूर्वी कैद्याची तपासणी करून तो ती सोसण्यास समर्थ आहे, असा दाखला डॉक्टराने द्यावयाचा होता, आणि फटके मारले जात असताना त्याने वा त्याच्या दुय्यमाने हजर राहावयाचे होते. तुरुंगाच्या शिस्तीने कैद्याच्या मनावर अनिष्ट परिणाम होत आहे असे वाटल्यास तसे कळविण्याचे कर्तव्यही याच डॉक्टरावर सोपविलेले होते, पण ते कळवावयाचे कोणाला, तर शिस्त राखणाऱ्या अधीक्षकालाच. एकाच माणसाने सकाळी नाडी पाहावी आणि दुपारी त्याच हाताने फटक्यांचा दाखला लिहावा, अशी ही रचना आहे. या रचनेत डॉक्टर चांगला की वाईट हा प्रश्न दुय्यम ठरतो. चांगल्यातला चांगला डॉक्टरही कैद्याच्या नजरेत तुरुंगाचाच माणूस राहतो, आणि मग कैदीही त्याला खरे सांगेनासा होतो. अविश्वास असा दुहेरी बनतो.

हा दुहेरी अविश्वास मराठीत सर्वाधिक विस्ताराने कोठे चित्रित झाला असेल, तर तो विनायक दामोदर सावरकर यांच्या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील १९११ ते १९२१ या वर्षांचा हा वृत्तांत कोलू, काथ्या, बेड्या आणि बारी या तुरुंगाधिकाऱ्याची दांडगाई यांसाठी सर्वश्रुत आहे. परंतु ग्रंथाचा मोठा भाग शरीराच्या अत्यंत साध्या गरजांविषयी आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. ठराविक वेळेशिवाय शौचास जाण्याची बंदी, त्यापायी होणारी विटंबना, अतिसार, ताप, थोरले बंधू बाबाराव यांचे दीर्घ दुखणे, आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठीची झटापट या प्रसंगांत लेखकाची लेखणी विलक्षण नेमकी होते. तेथे वैद्यकीय अधिकारी एका बाजूस आणि तुरुंगाधिकारी दुसऱ्या बाजूस असे चित्र नाही. डॉक्टर तुरुंगाधिकाऱ्याच्या धाकात आहे, आणि त्यातही हाताखालचा हिंदी डॉक्टर अधिक धाकात आहे. कैद्याची दया आली तरी ती दाखविण्याची त्याला चोरी आहे. १८९४ च्या कायद्यातील ‘अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली’ या शब्दांचा प्रत्यक्षातील अर्थ काय होता, याचे इतके ठसठशीत भाष्य अन्यत्र क्वचितच सापडेल.

१९१२ साली इंदुभूषण राय या राजबंद्याने कोठडीत गळफास घेतला आणि त्याच वर्षी उल्हासकर दत्त यांचे मन बिघडून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्यात आले. सावरकरांनी या दोन्ही घटना आपल्या कथनात मध्यवर्ती मानल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे रोग आणि शिक्षा यांच्यामधील सीमारेषा पुसली जाते. कारागृहाच्या लेखी तो त्या त्या व्यक्तीच्या मनाचा दोष होता. कथनाच्या लेखी तो मजुरीचा व कोठडीचा परिणाम होता. विजेच्या बॅटरीचे धक्के आपल्याला देण्यात आल्याचे उल्हासकर दत्तांनी पुढे स्वतःच्या आठवणींत लिहिले. उपचार कोणता आणि छळ कोणता, हे त्या ठिकाणी रुग्णाने ठरवावयाचे की डॉक्टरने, असा प्रश्न उभा राहतो. पुढे १९३३ साली अंदमानातच उपोषणाला बसलेल्या बंद्यांना बळाने अन्न घालण्यात आले आणि त्यात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास व मोहित मैत्र हे तिघे दगावले. जागतिक वैद्यक संघटनेने उपोषणकर्त्याला बळाने अन्न घालू नये असे माल्टा येथील घोषणेत म्हटले ते १९९१ साली. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी.

सावरकरांच्या ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कोलू चुकविण्यासाठी सामान्य कैदी अंगावर दुखणी कशी ओढवून घेत, वेडाचे सोंग कसे आणीत, याची वर्णने त्यात आहेत. या ठिकाणी कथनाचे लक्ष कैद्यांच्या युक्त्यांकडे अधिक जाते. राजबंद्याचे दुखणे खरे असूनही ते ढोंग ठरविले जाते, याविषयी लेखकाचा संताप धगधगता आहे. पण जो माणूस मजुरी टाळण्यासाठी स्वतःचे शरीर पोखरतो, त्याचे ढोंग हेही एक खरे दुखणेच असू शकते, हा विचार तेथे पुरता विकसित होत नाही. आपल्या पायाला मुद्दाम जखम करून घेणाऱ्याला सोंगाड्या म्हणावे की रुग्ण, या प्रश्नाचे उत्तर आजही तुरुंगाच्या दवाखान्यात रोज द्यावे लागते. जखम तर खरीच असते.

याउलट मराठीतील काही थोर कारावासकालीन ग्रंथांत शरीर जवळजवळ नाहीच. टिळकांना मंडालेत मधुमेहाने ग्रासले होते, पथ्याची ओढाताण होती. पण तेथे लिहिले गेले ते ‘गीतारहस्य’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. या ग्रंथांची थोरवी वादातीत आहे. पण त्यांतील मौनाची कारणे केवळ आध्यात्मिक नव्हती. तुरुंगातून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जाते. प्रकृतीविषयी गाऱ्हाणे लिहिणे म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्यालाच ते वाचावयास देणे होय. शिवाय दुखण्याचा उच्चार हा सत्याग्रहीच्या दृष्टीने कमकुवतपणा ठरण्याची भीती होती. तुरुंगातून हस्तलिखित बाहेर काढणे स्वतंत्र भारतातही सोपे नव्हते. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी लिहिलेले ‘अणूच्या अंतरंगात’ हे निखळ विज्ञानाचे मराठी पुस्तक प्रकाशनार्थ बाहेर पाठविण्यास शासनाने नकार दिला, आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत तो प्रश्न सुटला नाही. अणूविषयीच्या लेखनाची ही कथा, तर तुरुंगाच्या दवाखान्याविषयीच्या लेखनाची काय असेल!

येथे येरवड्याचा प्रसिद्ध प्रसंग आठवणे अपरिहार्य आहे. जानेवारी १९२४ मध्ये महात्मा गांधी येरवड्यास सहा वर्षांची शिक्षा भोगीत असता त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. शस्त्रक्रियेस आपली संमती असल्याचे आणि डॉक्टरांवर आपला विश्वास असल्याचे निवेदन गांधीजींनी श्रीनिवास शास्त्र्यांच्या समक्ष आधीच सही करून दिले होते. ५ फेब्रुवारीस त्यांची मुक्तता झाली. या प्रसंगाचे वर्णन नेहमी कंदिलाच्या तपशिलाने रंगविले जाते. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : येथे तक्रार ऐकली गेली, निदान वेळेवर झाले, रुग्णास बाहेरच्या रुग्णालयात तातडीने नेण्यात आले, त्याची संमती घेतली गेली आणि त्या संमतीला साक्षीदार होता. म्हणजे चांगली तुरुंगी वैद्यकव्यवस्था कशी असावी, याचा संपूर्ण नमुना १९२४ साली पुण्यात उपलब्ध होता. तो एका माणसासाठी होता, कारण त्या माणसाचा तुरुंगात मृत्यू होणे सरकारला परवडणारे नव्हते. ज्या कैद्याचा मृत्यू परवडतो, त्याच्यासाठी दिवेही जात नाहीत आणि कंदीलही येत नाही.

अशा कैद्याने आपली कथा लिहिलेली नाही, ही या विषयाची सर्वांत मोठी अडचण होय. मराठीत कारावासकथन हा प्रकार दीर्घकाळ राजबंद्यांची मक्तेदारी राहिला. ज्यांना परंपरेने गुन्हेगारच मानले गेले, त्यांचा आवाज प्रथम ठळकपणे ऐकू येतो तो भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून. मराठवाड्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात पोलीस, कोठडी आणि मार यांना स्वतंत्र ‘तुरुंगपर्व’ असे स्थान नाही. ती रोजच्या जगण्याचीच अंगे आहेत. सावरकरांच्या ग्रंथात तुरुंगात प्रवेश आणि तुरुंगातून सुटका या दोन टोकांमध्ये कथा बसते. ‘उचल्या’त तशी टोकेच नाहीत. त्यामुळे तेथे मारामुळे आलेले दुबळेपण आणि दारिद्र्यामुळे आलेले दुबळेपण यांची वेगळी नोंद करता येत नाही. समीक्षकाने या फरकाकडे शैलीचा फरक म्हणून पाहिले तर चुकेल. तो माणसाच्या शब्दाला कोण किती किंमत देतो, याचा फरक आहे. सुधा भारद्वाज यांचे येरवड्याच्या फाशी यार्डातून पाहिलेल्या शहात्तर स्त्री-कैद्यांची शब्दचित्रे असलेले पुस्तक २०२३ साली इंग्रजीत आले. राजबंदिनीने स्वतःविषयी न लिहिता शेजारच्या बाईविषयी लिहावे, हा या परंपरेतील नवा आणि स्वागतार्ह पालट होय. ती बाई महाराष्ट्रातल्या तुरुंगातली असूनही तिची कथा प्रथम मराठीत यावयास हवी होती, ही खंत मात्र उरतेच.

सामान्य कैद्याचा आवाज जेथे नाही, तेथे त्याच्याविषयीच्या शासकीय भाषेचे वाचन करणे एवढेच हाती राहते, आणि तेही समीक्षेचेच काम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली देशातील कारागृहांत १,९९५ बंदी मरण पावले. त्यांपैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ या सदरात नोंदलेले आहेत. या सदरात वार्धक्याने आलेले मृत्यू थोडे आणि आजाराने आलेले बहुतेक आहेत. मराठीत ‘नैसर्गिक’ या विशेषणाने जे सूचित होते ते म्हणजे ज्यात कोणाचा हात नाही असे. क्षयाचे निदान सहा महिने उशिरा झाले, हृदयविकाराच्या रुग्णास रात्री बरॅकीचे कुलूप उघडून बाहेर काढण्यास वेळ लागला, मधुमेह्याचे इन्सुलिन थांबले, तरी येणारा मृत्यू याच सदरात पडतो. खून आणि आत्महत्या यांपासून आजाराला वेगळे काढण्यासाठी योजलेला हा शब्द उपेक्षेला मात्र आतच लपवून ठेवतो. त्याच अहवालानुसार त्या वर्षी तुरुंगांतील दर शंभर बंद्यांपैकी सुमारे शहात्तर जण न्यायाधीन होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध व्हावयाचा होता असे होते. ‘नैसर्गिक’ मृत्यूंचा विचार करताना हेही आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

अलीकडच्या एका प्रकरणात ही सारी गुंतागुंत अत्यंत लहान वस्तूच्या निमित्ताने प्रकट झाली. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन नवी मुंबईजवळील तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. त्यांचे वय त्र्याऐंशी होते आणि कंपवाताने हात थरथरत असल्याने त्यांना पेला धरून पाणी पिता येत नव्हते. नळी व झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरात विशेष न्यायालयाकडे अर्ज केला. उत्तर देण्यास तपासयंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. त्यांचा पेला अटकेच्या वेळी घेतला गेला होता की नव्हता, याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगवेगळे होते. तो वाद क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उरते. कंपवाताच्या रुग्णास पाणी कशाने पाजावे, हा वैद्यकातील अगदी प्राथमिक प्रश्न आहे; कोणतीही परिचारिका तो उभ्या उभ्या सोडवील. तो न्यायालयापुढे जावा आणि त्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे मागविले जावे, याचा अर्थ रुग्णाची गरज ही तेथे गरज राहिली नसून दावा झाली होती. मे २०२१ मध्ये दूरदृश्य पद्धतीने उच्च न्यायालयापुढे येऊन त्यांनी आपली ढासळलेली प्रकृती स्वतः सांगितली. नंतर त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे तेथे निधन झाले.

करोनाच्या साथीत हाच पेच दुसऱ्या बाजूने समोर आला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून तुरुंगांतील गर्दी कमी करण्यास सांगितले, आणि महाराष्ट्रातही त्यानुसार बंदी तात्पुरते सोडण्यात आले. जूनमध्ये हर्सूल कारागृहातील बाधितांना याच शहरातील किलेअर्क येथील उपचार केंद्रात ठेवले असता त्यांतील दोघे पळून गेले. अशी एक घटना पुढील अनेक रुग्णांना महागात पडते. बाहेर नेलेला रुग्ण पळाला तर पहाऱ्याच्या पोलिसांवर कारवाई होते. वेळेवर न नेलेला रुग्ण दगावला तर चौकशीचे कागद होतात. या दोन भयांपैकी पहिले अधिक निकट असते. पलंगाला जखडलेला रुग्ण सरकारी रुग्णालयांतून अजूनही दृष्टीस पडतो, त्याचे कारण बव्हंशी या भयात आहे. पोलिसाच्या क्रौर्यात ते शोधणे हा आळशीपणा होईल.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’त या रोगाचे निदान नेमके केलेले आहे. कैद्यास समाजातील इतर माणसांस मिळतो त्याच दर्जाचा उपचार मिळावा. वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यावा व तुरुंगाच्या इतर अधिकाऱ्यांनी तो फिरवू वा डावलू नये. आणि शिक्षा देण्याच्या कामी डॉक्टरने कोणताही भाग घेऊ नये, असे ते नियम सांगतात. १८९४ च्या कायद्यातील दाखल्याच्या कलमाचा हा सरळ निषेध होय. नॉर्वेने १९८८ साली, फ्रान्सने १९९४ साली आणि इंग्लंडने २००६ साली तुरुंगातील डॉक्टर तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेकडे दिले. या देशांतील तुरुंग त्यामुळे आदर्श झाले असे नव्हे. पण तेथील डॉक्टरचा वरिष्ठ डॉक्टरच राहिला. भारतात तुरुंग हा राज्यांचा विषय, आणि महाराष्ट्रात कारागृह विभाग गृहखात्याकडे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने तीनशे बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी असावा असे प्रमाण सुचविले, आणि २०२३ साली केंद्राने १८९४ च्या कायद्याच्या जागी यावा म्हणून नवा आदर्श कायदा राज्यांकडे पाठविला. तुरुंगविषयक चर्चेत तीनशेचे प्रमाण वारंवार येते. डॉक्टरने कोणाचे ऐकावयाचे, हा प्रश्न फार क्वचित येतो. पदे भरली जावीत हे निर्विवाद. परंतु अंदमानात डॉक्टर नव्हता असे सावरकरांचे गाऱ्हाणे नाही; डॉक्टर होता, हेच त्यांचे गाऱ्हाणे आहे.

मराठवाड्यातील अभ्यासकांपुढे या संदर्भात एक जवळचे काम आहे. १९३८ च्या सत्याग्रहापासून हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामी तुरुंग भोगलेल्यांच्या आठवणी, आणीबाणीतील स्थानबद्धांचे लेखन आणि नामांतराच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांची निवेदने यांतील प्रकृतिविषयक मजकूर आजवर एकत्र केला गेलेला नाही. या निवेदनांतील बराच भाग तोंडी आहे आणि सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत. त्यांना प्रश्न विचारताना ‘तुमचा छळ झाला काय?’ या प्रश्नाने आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्याला मिळणारी उत्तरे ठराविक असतात. त्याऐवजी तेथे आजारी पडल्यावर प्रथम कोणाला सांगावे लागले, आणि त्याने पुढे काय केले, असे विचारून पाहावे. विद्यापीठापासून घाटी फार दूर नाही. तेथील कैदी-रुग्णांच्या केसपेपरांवर दुखण्याचा पहिला दिवस आणि रुग्णालयात आणल्याचा दिवस अशा दोन तारखा असतात. त्या दोन तारखांमधील दिवसांत काय घडले, ते केसपेपरात लिहिलेले नसते.